ठमाबाईंनी मारलेली हाक

धाकट्या लेकाने, भूपेशने आणखी एक स्थळ नाकारलं, तेव्हापासून ठमाबाईंचं कशात मन लागत नव्हतं. कारण विचारावं, तर तो मोबाईलमध्ये डोकं घाली. त्यात नात मनाली शाळेचा प्रकल्प घेऊन शेजारी बसली.

"आजी, शरीरातल्या पेशी एकमेकींशी बोलतात."

"त्यांना तोंड हाय?"

"एक पेशी रसायन सोडते. ते खूप जणींजवळून जातं, पण जिच्याकडे ते ओळखणारा ग्राही असतो तीच कामाला लागते. मग ती पुढच्यांना कळवते."

"मंग तो आमचा पाडाच झाला गो."

सोनिवलीतला तो पाडा मोडून तिथेच ही बिल्डिंग उभी राहिली होती. माणसं तीच, पण दारं बंद. पूर्वी एका हाकेवर सगळा पाडा हलायचा. ते आठवून ठमाबाईंना भरून आलं. "थांब, तुला दावते," म्हणत त्या खिडकीत गेल्या आणि जुन्या सुरात ओरडल्या, "वेणू गो, मोठा टोप काढ!"

पाड्याचा सामाईक टोप वेणूबाईंकडे असे आणि फक्त हळदीच्या जेवणाला निघे. हे मनालीला समजावून सांगेपर्यंत खालच्या मजल्यावर वेणूबाईंनी तो माळ्यावरून उतरवलासुद्धा. त्यांनी गोदूला सांगितलं, गोदूने तांदूळ निवडायला बायका जमवल्या, हिरामणने मांडववाल्याला फोन लावला. बघता बघता घर माणसांनी भरलं. लग्नाचे धवले गाणाऱ्या बनूबाई तर घसा खाकरत सोफ्यावरच बसल्या.

"अगो, पोरीच्या अभ्यासासाठी हाक मारली मी," ठमाबाई सांगत होत्या.

"आमच्यापासून कशाला लपवतेस?" वेणूबाई म्हणाल्या.

बनूबाईंनी धवला धरला. तो थांबवावा असं ठमाबाईंना मनापासून वाटेना. किती वर्षांनी या घरात गाणं होत होतं. पण भूपेश आल्यावर काय म्हणेल, या धास्तीने त्या सारख्या दाराकडे बघत होत्या.

तेवढ्यात अंबरनाथच्या कंपनीतून भूपेश घरी आला. दारातल्या चपला, टोप, गाणं असं सगळं पाहून तो थबकला. मग सरळ येऊन आईच्या पाया पडला.

"आये, मला वाटलं तू नायच म्हनशील. उल्हासनगरची सिंधी पोरगी म्हनून बोलायची डेरिंगच होत नव्हती. तुला कोनी सांगितलं?"

बनूबाई गाता गाता थांबल्या. ठमाबाईंनी पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका मोकळा तो लहानपणानंतर कधी दिसला नव्हता.

"कोन सांगनार? एका घरात राहून तू तर सांगितलं नायस," त्या म्हणाल्या. "तिच्या आयेला फोन लाव. मी बोलते."

बनूबाईंचा धवला मघापासून अडला होता. "नवरीचं नाव काय घालू गो?"

भूपेश मोबाईल कानाला लावून गॅलरीत गेला होता. ठमाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"आता इचारते त्याला," त्या म्हणाल्या. "तवर तू नवऱ्याचं गा."