केटुराबाईंचं एक मत

कॉर्नेलियस स्ट्रायकर न्यू जर्सीच्या विधानसभेला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या विजयाची खात्री गावात एकाच माणसाला होती. खुद्द स्ट्रायकरांना! "आलोच समजा निवडून," असं ते लोहाराला सांगत, पाद्रीबुवांना सांगत, आणि कुणीच भेटलं नाही तर घोड्याला सांगत. 'नवा कर नाही' ही त्यांची घोषणा. समोर लॅम्बर्ट उभा होता, ओढ्यावर पूल बांधून देतो म्हणणारा.

लढत अशी अटीतटीची, की एकेका मतासाठी दोघंही जिवाचं रान करत होते. त्यातलं एक मत केटुराबाई व्ह्रूम यांचं. बाई विधवा, सफरचंदांची बाग त्यांच्या स्वतःच्या नावावर, म्हणून त्या काळी, सन अठराशेच्या आसपास, आमच्या राज्यात त्यांना मताचा हक्क होता. शेजारच्या राज्यांत बायकांना मत नव्हतं, आणि तिथल्या पुरुषांना आमचं मोठं हसू यायचं. हसोत बापडे!

"मग बाई, मत मलाच ना?" स्ट्रायकरांनी अंगणात उभं राहून विचारलं.

"पुलाचं काय?"

"पूल म्हणजे कर आला. ते आपल्या तत्त्वात बसत नाही."

"मग माझी पिंपं ओढ्यातच बसणार म्हणा की! गेल्या वर्षी अख्खी गाडी उलटली, स्ट्रायकरसाहेब. वर्षभराची सायडर, सफरचंदाची सगळी दारू, गेली. मासे तेवढे मजेत होते."

स्ट्रायकर हिरमुसून परतले, आणि वाटेतच त्यांना भन्नाट कल्पना सुचली. ती त्यांनी ट्यूनिस लोहाराला सांगितली.

"लग्न?" ट्यूनिसच्या हातातला हातोडा खाली आला. "मतासाठी?"

"अरे, बायको काय नवऱ्याच्या विरुद्ध मत देईल? शिवाय बाई गुणाची आहे. मला आवडतेच म्हण ना."

"हे शेवटचं आधी सांगायचं असतं!"

दुसऱ्या दिवशी स्ट्रायकरांनी मागणी घातली. केटुराबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"मतदानाच्या आधीच उरकायचं ना?"

"आधीच! आधीच!"

"बरं," म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. आनंदाच्या भरात नवरदेवाचं तिकडे लक्षच गेलं नाही.

मतदानाच्या सकाळी लग्न लागलं. फिती लावलेली गाडी चर्चवरून थेट मतदानाला निघाली. मतदान पलीकडच्या खानावळीत, मध्ये ओढा. ऐन मधोमध गाडी रुतली ती रुतलीच.

"अहो, पूल असता तर..." बाई वरून म्हणाल्या.

"आज तरी नको ना!" नवी कोरी विजार घालून कमरेएवढ्या चिखलात गाडी ढकलणारे स्ट्रायकर कळवळले.

खानावळीत पोचले तेव्हा चेहरा तेवढा ओळखू येत होता. त्यांनी बाईंना ऐटीत पुढे केलं.

"सौभाग्यवती केटुरा स्ट्रायकर! लिहून घ्या मत."

निवडणूक अधिकारी त्यांच्याकडे बघतच राहिले. "सौभाग्यवती? मग मत कसलं? लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याची. मालमत्ता नाही, तर मत नाही. अहो, कायदे करायला निघालात, एखादा वाचायचा तरी!"

खानावळ हसून हसून आडवी झाली. लॅम्बर्टने तर नवरदेवाच्या नावाने सगळ्यांना पेला पाजला. स्ट्रायकर कोपऱ्यात डोकं धरून बसले. हातचं मत आपणच घालवलं! त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

मोजणी झाली आणि स्ट्रायकर एका मताने निवडून आले.

घरी जाताना छाती पुन्हा गाडीबाहेर. "पाहिलंस? तुझ्या मताचं अडलं नाही माझं!"

"अडलं असतं की," केटुराबाई म्हणाल्या. "मी लॅम्बर्टला देणार होते. बरोबरी झाली असती."

स्ट्रायकरांच्या हातातला लगाम सुटला. "आणि लग्न केलं की मत जातं, हे तुला..."

"मी दरवर्षी मत देते, अहो. मला नाही माहीत, तर कुणाला?"

"मग लग्न का केलंस?"

"तुम्ही वाईट नाही. आणि लॅम्बर्ट निवडून आल्यावर पूल विसरला असता, तर मी काय करणार होते? तुम्ही रोज जेवायला घरीच येणार." त्यांनी लगाम उचलून आपल्या हातात घेतला. "बाग गेली, मत गेलं. आता पूल तरी हवा."

विधानसभेतलं स्ट्रायकरांचं पहिलं भाषण खणखणीत झालं. विषय होता, आमच्या ओढ्यावरचा पूल.