उपाशी यंत्र आणि पळसाचे द्रोण

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता. मग घाबरायचं कोणाला, असा प्रश्न पडला आणि प्राण्यांनी ग्रामपंचायत स्थापन केली. सरपंच झाला गवा.

तिथे माकडाचं दुकान होतं. माकड करवंदं आणि बोरं चकचकीत पाकिटांत भरून विकायचं. प्राणी करवंदं खायचे आणि पाकीट ओढ्यात टाकायचे. ओढा तुंबला.

तेव्हा कोल्हा पुढे आला. "सरपंचसाहेब, पाकिटं दाबून गठ्ठे करायचं यंत्र आणतो. गठ्ठे परगावी विकू. फक्त यंत्राला रोज पन्नास किलो पाकिटं लागतील. कमी पडली तर पंचायतीनं मला दंड भरायचा."

"पाकिटं कमी पडतील? आपल्याकडे?" गवा पोट धरून हसला आणि त्याने करारावर खूर उठवला.

गठ्ठे परगावी कोणी घेईना. ते पंचायतीत रचून ठेवले. गवा त्यांच्यावर बसून कारभार पाहू लागला.

त्याच उन्हाळ्यात चंद्राक्का साळिंदरने ओढ्याकाठी पाटी मांडली. ती करवंदं पळसाच्या द्रोणात द्यायची. पानं टोचायला काटे घरचेच, शिवायला गवत फुकट. रिकामा द्रोण नमू भेकर खाऊन टाकायची. नमूचं पोट भरायचं आणि ओढा मोकळा वाहायचा. माकडाच्या दुकानाकडे कोणी फिरकेना.

यंत्र उपाशी राहिलं. पाणवठ्याच्या दुरुस्तीचे पैसे दंडात जाऊ लागले. गव्याने चंद्राक्काला बोलावलं.

"आक्का, तुझ्या गिऱ्हाइकांचा कचरा कुठे आहे?"

"नाही ओ साहेब. नमू खाते."

"तिला कोणी ठेका दिला?"

नमू दारातूनच म्हणाली, "मला भूक लागते," आणि चरायला निघून गेली.

"ते काही नाही. उद्यापासून तुझ्या पाटीवरून रोज पन्नास किलो पाकिटं आली पाहिजेत, आक्का. नाहीतर पाटी उचल."

चंद्राक्काचे काटे ताठ उभे राहिले. मग तिला घरची चार पिल्लं आठवली आणि काटे खाली बसले. मी काही तिचा राग करत नाही, तुम्हीही करू नका. दुसऱ्या दिवसापासून करवंदं द्रोणात, द्रोण पिशवीत आणि पिशवी पाकिटात.

हा ठराव नमूला कोणी वाचून दाखवला नाही. ती सवयीने द्रोण खात राहिली, पिशवी-पाकिटासकट. तिसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठी आडवी झाली. पोट दगडासारखं घट्ट.

धनेश वैद्याने आपली लांब चोच तिच्या घशात घातली आणि दुपारपर्यंत एकेक पाकीट ओढून काढलं. चंद्राक्का बाजूला बसून हमसून हमसून रडत होती. शेवटी नमू शिंकली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सर्वांत जास्त आनंद गव्याला झाला. कोल्हा तराजू घेऊनच आला होता.

"सव्वा किलो!" कोल्हा म्हणाला. "साहेब, आजचे पन्नास पुरे झाले."

गव्याने तिथल्या तिथे नारळ देऊन नमूचा सत्कार केला. नारळ पाकिटात होता.

तात्पर्य : कचरा टाकणाऱ्याला माफी असते, उचलणाऱ्याला ठेका मिळतो. जो कचराच करत नाही, त्याच्यापासून मात्र पंचायतीला फार धोका असतो. बाळांनो, तुमच्या शेजारी असा कोणी राहत असेल तर ताबडतोब सरपंचांना कळवा.