सुनेच्या माऊसची खंडेनवमी

खरं सांगतो, माझा हेतू चांगला होता. (घरात काहीही मोडलं, फुटलं, जळलं की माझं पहिलं वाक्य हेच असतं, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे.) यंदाच्या खंडेनवमीला मी ठरवलं की आपल्या सुनेच्याही हत्याराची पूजा करायची. एवढंच ठरवलं. यात माणूस कुठं चुकला, सांगा.

मी नानासो. फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो, हवालदार होऊन रिटायर झालो. आता आष्ट्यात एकरभर उसाला पाणी पाजतो आणि घरच्यांना शिस्त. पोरगा शिवतेजही फौजेत, सध्या लांब बर्फात. त्याची बायको पल्लवी वाईची. लग्नाला आठ महिने झाले. ही पोरगी लॅपटॉपवर गेम खेळते. गेम म्हणजे पत्ते-कॅरम तसलं नाही. पाच पोरींची टीम, जी ती आपापल्या घरी, कानाला हेडफोन, समोर दुश्मन आणि धाडधाड फायरिंग. सुरुवातीला मला ते काही पसंत नव्हतं. पण एकदा दारातून सहज बघितलं, तर ती जोडीदारणीला कव्हर फायर देत होती, आणि असं देत होती की मी तिथंच उभा राहिलो. चोवीस वर्षांत मी जेवढ्या गोळ्या झाडल्या नाहीत, तेवढ्या तिनं चुलीवरचा चहा उतू जायच्या आत झाडल्या. (माझं हत्यार टाइपरायटर होतं.) त्या दिवसापासून माझ्या मनात तिच्याबद्दल आदर आहे.

दसऱ्याला दुपारी तीन वाजता तिच्या टीमची फायनल होती. जिंकल्या तर पुण्याला मोठ्या स्टेजवर जाणार. तीन महिने पोरगी त्यासाठी राबत होती.

तर खंडेनवमीची सकाळ. मी अंगणात सगळी हत्यारं काढली. खुरपी, विळे, कोयते, पाने, फवारणीचा पंप, माझी स्कूटर. आमच्या घरात नियम आहे, न धुतलेलं हत्यार पाटावर चढत नाही. नियम माझाच. सासू-सून देवीच्या देवळात गेलेल्या. मी पल्लवीच्या टेबलावरून तिचा माऊस उचलून आणला. बघतो तर घामानं, हाताच्या मळानं पार काळवंडलेला. म्हटलं, ज्या हत्यारानं पोरगी एवढं नाव काढतेय, ते असं पाटावर ठेवायचं?

आता तुम्ही म्हणाल, नाना, विजेची वस्तू पाण्यात कशी घातली? तर मी विचार केला होता. या माऊसला वायरच नव्हती. वायर नाही म्हणजे करंट नाही. करंट नाही म्हणजे पाण्याचं भय नाही. (हा हिशोब मी फौजेत कुणाला सांगितला असता तर क्लार्कपदही राहिलं नसतं.) मी त्याला कोयत्यांबरोबर घमेल्यात बुडवला, चिंच लावली, राखेनं घासला, वरून दोन तांबे पाणी ओतलं. नवा दिसायला लागला. पोटाखाली त्याला एक बारकं भिंग होतं. डोळाच म्हणा. त्यावर गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पाटावर मधोमध, मोठ्या कोयत्याच्या शेजारी मानानं बसवला.

पल्लवी देवळातून आली. पाट बघितला आणि जागच्या जागी थांबली. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मला वाटलं, सासऱ्यानं आपल्या खेळाचा एवढा मान राखला म्हणून पोरीला भरून आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, की रडू नको बाळ, नमस्कार कर. ती खाली वाकली, नमस्कार केला, "छान केलंत नाना," म्हणाली आणि आत गेली. मी स्वतःवर इतका खूश झालो की दोन वेळा चहा मागितला.

दुसरा चहा मनुबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, जरा आपटूनच ठेवला.

"आवं, काय करून ठिवलंय तुमी? लेकरू आत फोनवर टीमच्या कॅप्टनला सांगतंय, माझ्या जागी दुसरी घ्या म्हणून."

मी म्हटलं का. तर मनुबाई म्हणाली, की तिचा माऊस मेलाय, आणि असल्या खेळाला लॅपटॉपवर बोट फिरवून भागत नाही. पण पोरीनं कॅप्टनला माऊसचं सांगितलंच नाही. हात दुखतोय म्हणाली. सासऱ्याचं नाव मध्ये येऊ दिलं नाही. कॅप्टननं संध्याकाळपर्यंत थांबते म्हणून सांगितलंय.

चहा मी तसाच बाजूला सारला. पोरीनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पोरगी तीन महिन्यांची मेहनत सोडायला निघाली, पण माझी इज्जत सोडायला तयार नाही. मी पाटावरचा माऊस झेंडूसकट खिशात घातला आणि चप्पल पायात अडकवली. स्कूटर घेणार होतो, पण तिची पूजा झालेली आणि पूजेचं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही, हाही आमच्या घरातला नियम. (माझाच.) माऊसपुरता तो मोडला होता, तेवढं पाप पुरे होतं. म्हणून एसटीनं सांगली गाठली.

दुकान वीरधवल नावाच्या तिशीतल्या गड्याचं. आत सगळे कॉम्प्युटर फुलांच्या माळा घालून गप्प बसलेले. तिथंही खंडेनवमी. मी खिशातून माऊस काढला. वीरधवलनं तो हलवला, तर आतून पाणी वाजलं. त्यानं वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"हा माल बंद झालाय, काका," एवढंच तो म्हणाला. "दुसरा निवडायला लागंल. आज मशीनला हात लावत न्हाई आमी, त्यामुळं चालवून दावता येणार न्हाई. बघून, धरून घ्या."

मला वाटलं होतं, माऊस तो माऊस. वीरधवलनं काउंटरवर पंधरा मांडले. मी जनावरांच्या बाजारात खोंड बघावा तसा एकेक बघायला लागलो. पहिला उचलला तो अगदी हलका, आणि पाठीला भोकंच भोकं. मी म्हटलं किडका माल दाखवू नका. तो म्हणाला, वजन कमी करायला मुद्दाम पाडलेली असतात, हात दमत नाही. मला काही ते पटलं नाही. माझं मन बसलं दुसऱ्यावर. चांगला वजनदार, अंगठा ठेवायला बाजूला कट्टा, बारा बटणं, आणि पेटवला की सात रंगांचे दिवे लागतात म्हणे, गणपतीच्या मांडवासारखे. म्हटलं हाच बांधा. सुनेच्या हातात शोभेल.

वीरधवल पिशवी काढता काढता थांबला. हाताचं माप काय, म्हणून त्यानं विचारलं. मोठ्या हाताला छोटा माऊस किंवा छोट्याला मोठा दिला तर नेम चुकतो, म्हणाला.

आता सुनेच्या हाताचं माप सासऱ्याला कुठून ठाऊक असणार? मनुबाईला फोन करावा तर पल्लवी शेजारीच असायची, तिला कळायचं. तेवढ्यात मला सलिमाभाबी आठवल्या. आष्ट्यात त्यांचं बांगड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. पल्लवीचा लग्नाचा चुडा त्यांनीच भरलेला. एकदा हातात धरलेला हात ती बाई विसरत नाही, अशी त्यांची ख्याती. लावला फोन. झाली गोष्ट सगळी सांगितली. चिंच आणि राखेच्या जागी थोडं खाकरलो, पण सांगितली. मग विचारलं, भाबी, पोरीचा हात केवढा?

"कुठला हात, नाना?"

"उजवाच की. माऊस उजव्याच हातात धरत्यात."



"मग चुकतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या उजव्या हातात बांगडी लोण्यावानी गेली. डाव्याला साबण लावून बी माझा घाम निघाला. कामाचा हात कडक असतोय, नाना. पोरगी डावरी हाय. आमाला हातावरनं सगळं कळतंय, पन आमी कुणाला सांगत न्हाई. आज तुमची गरज म्हनून सांगितलं."

मग त्यांनी सांगितलं, की पल्लवीचा हात अगदी त्यांच्या नातीसारखा, नूरीनसारखा. नूरीन दुकानातच होती. टेप लावून मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजलं आणि सांगितलं, साडेसहा इंच, बोटं लांब, पंजा अरुंद.

मी फोन ठेवला आणि स्टुलावर बसलो. वीरधवलनं पाणी दिलं. मला लग्नानंतरचं पहिलं जेवण आठवलं. पल्लवीनं आमटीची पळी डाव्या हातात घेतली होती आणि मी एकच वाक्य बोललो होतो, की आमच्याकडं उजव्या हातानं वाढतात. दुसऱ्या घासाला मी ते विसरलो. ती आठ महिने विसरली नव्हती. आणि मी शहाणा, शिवतेजला फोनवर सांगत होतो, की पोरगी गुणाची आहे रे, फक्त वाढताना आमटी सांडते.

बारा बटणांचा माऊस उजव्या हाताचाच होता. कट्टा चुकीच्या बाजूला. दोन्ही बाजूंनी सारखा, हलका, साडेसहा इंची हाताला बसणारा असा दुकानात एकच आहे, असं वीरधवल म्हणाला, आणि त्यानं देवीच्या फोटोकडं बोट दाखवलं. फोटोपुढं पाट, पाटावर स्क्रूड्रायव्हर, पक्कड, आणि मधोमध झेंडू घातलेला तो माऊस. काळा, साधा, दिवे नाहीत, काही नाही.

"पूजेला ठिवलाय, काका. वडलांचा नियम हाय, उद्यापत्तूर हलवायचा न्हाई."

बघा, जगात हा नियम पाळणारं दुसरं घर आहे, हे मला त्याच दिवशी कळायचं होतं. एरवी मी त्या वडलांना भेटून पाठ थोपटली असती. मी हात जोडले. वीरधवलला सगळं पहिल्यापासून सांगितलं, यावेळी न खाकरता. घमेलं, चिंच, राख, भिंगावरचं गंध, पोरीचा नमस्कार. तो आधी ओठ दाबून ऐकत होता. गंधापाशी आला आणि काउंटरवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता उठला, देवीला नमस्कार केला आणि माऊस उचलून माझ्या हातात दिला.

"देवी बी हसली आसंल," डोळे पुसत तो म्हणाला. "पन पाटावरची जागा रिकामी नको. तुमचा धुतलेला द्या तिथं."

असा आमचा माऊस, झेंडूसकट, सांगलीत दुसऱ्यांदा पूजेला बसला. वीरधवलचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. सलिमाभाबींचे तर नाहीच.

दिवेलागणीला घरी पोचलो. पल्लवी ओट्यापाशी होती. मी खोकं तिच्यापुढं ठेवलं. तिनं उघडलं, माऊस बाहेर काढला आणि नकळत डाव्या हातात धरला. मग दचकून उजव्यात घेतला. मला ते बघवलं नाही.

"ऱ्हाऊ दे बाळ, डाव्यातच धर," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच बघून आणलाय. माऊस धुतला ही माझी एक चूक. आठ म्हैने तुझा हात बांधून ठिवला, ही त्याच्यापेक्षा मोठी. दोन्हीबद्दल माफ कर."

तिनं माऊस परत डाव्या हातात घेतला. मग म्हणाली, "नाना, माझ्या वडिलांनीसुद्धा माऊस कधी पाटावर ठेवला नसता. तुम्ही ठेवलात. सकाळी मी त्याचंसुद्धा रडत होते, थोडं." आणि थोडं थांबून, "जास्त माऊसचं रडत होते, पण त्याचंसुद्धा." मग कॅप्टनला फोन करायला आत पळाली. हात बरा झाला म्हणाली.

दसऱ्याला दुपारी मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा दिला. कुकरची शिट्टी होऊ दिली नाही, सोनं द्यायला आलेल्यांना अंगणातनंच वाटेला लावलं. पाचच्या सुमाराला आतून पाच पोरींचा ओरडा एकदम ऐकू आला, त्यातल्या चौघी हेडफोनमधल्या. टीम जिंकली. पल्लवी बाहेर आली आणि आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. डाव्या हातानं. मी दोन्ही हातांनी घेतली. देवानं मला मुलगी दिली नाही याचं वाईट वाटायचं मला. आता वाटत नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. पल्लवीनं माझ्यासमोर डाव्या हातानं आमटी वाढली. एक थेंब सांडला नाही. मला राहवलं नाही. मी जाहीर केलं, की आजपासून या घरात ज्याचा जो हात चालतो त्यानं तो चालवावा. लपवाछपवी बंद.

मनुबाई भात वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, उलथनं उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि भाताची मूद माझ्या ताटात अशी सुरेख उतरवली, की मूद फुटली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "चौतीस वर्सं झाली, तुमी जेवायला बसलासा की माझा बी उजवा हात दुखतोय."

पल्लवीला ठसका लागला. तिला हे ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

फौजेत चोवीस वर्षं माझं काम एकच होतं, जवानांच्या सर्व्हिस बुकात ओळखीच्या खुणा भरायच्या. आठशे जवान, एकाचीही खूण चुकली नाही, म्हणून साहेबांनी दिलेलं सर्टिफिकेट बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलंय. त्याचा खिळा मनुबाईनंच ठोकला होता. कुठल्या हातानं, ते मी काही बघितलं नव्हतं.