शुभेच्छापत्राची आणि मेहरुन्निसा परकार यांच्या एका दिवसाची हकीकत

श्री. ज्याचा देव ज्या नांवाने ओ देतो त्या नांवाने त्यास नमन करून, आणि ज्यास कोणतेच नांव घेणे नाही त्याचीही मर्जी राखून, ही हकीकत लिहितो. शके १९४५, शोभननाम संवत्सर. उत्तरेस हिमप्रदेशी एक राज्य होते. तेथील बहुत लोक येशू प्रभूस मानणारे, म्हणोन नाताळ हा दौलतीचा थोर सण. कार्तिकातच पेठांत दिवे लागत, आणि दुकानोदुकानी तीच गाणी महिना दीड महिना वाजत, आणि वाटेत जो भेटेल तो 'नाताळ सुखाचा होवो' म्हणे, आणि ज्यांच्या घरी नाताळ नव्हता तेही 'तुम्हांसही' म्हणत, दिवसातून चाळीस वेळा म्हणत, आणि मग घरी येऊन जोडे काढून उगाच बसून राहत. कोणी कोणाचे वाईट चिंतीत नव्हता, परंतु थकवा येत असे. राणीसरकारांच्या नांवे दरसाल नाताळाचे शुभेच्छापत्र घरोघर जाई. ते लिहिण्याचे काम चिटणीस शलोमराव रोहेकर यांजकडे. शलोमराव मूळचे कोकणकिनाऱ्याचे, बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. तरुणपणी या मुलखी आले, आणि एकतीस वर्षे ते पत्र लिहिते जाहले. त्याच सुमारास त्यांच्या घरी हनुक्का सणाचे दिवे आठ दिवस लागत, हे दरबारात कोणी विचारिले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेस पत्रे रवाना जाहली, आणि चौथे दिवशी एक अर्ज दरबारी आला. अर्ज मेहरुन्निसा परकार या बाईंचा. त्याही कोकणच्याच, राज्याच्या रुग्णालयात परिचारिका. बाईंनी लिहिले होते ते असे: "अकरा वर्षे नाताळाच्या दिवशी मी कामावर उभी राहिले, की इतरांस घरी जाता यावे. त्याची तक्रार नाही. गेल्या वैशाखात मी ईदेची सुटी मागितली. माझे पती कासीम आजारी होते, आणि पुढची ईद त्यांस लाभेल ऐसा भरवसा नव्हता. सुटीच्या यादीत तो सण नाही म्हणोन सुटी मिळाली नाही. मी काम संपवून घरी पोचले तेव्हा ते गेले होते. आता तुमचे पत्र त्यांच्या नांवे आले आहे, आणि सहकुटुंब नाताळ सुखाचा जावो ऐसे त्यात आहे. पत्रात काय लिहावे ते तुम्ही जाणा. मला पुढल्या ईदेस एक दिवस हवा आहे."

शलोमरावांनी अर्ज दोनदा वाचला आणि मग दिवाण ऑगस्टिनसाहेब यांजपुढे नेला. दिवाणसाहेब भले गृहस्थ. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते बोलिले, "बाईंचे मन आपल्या पत्राने दुखावले. पत्र बदलले पाहिजे." शलोमराव म्हणाले, "साहेब, पत्र बदला ऐसे त्या म्हणत नाहीत. एक दिवस मागतात." दिवाणसाहेब म्हणाले, "तो मजकूर पुढे पाहू. आधी शब्द नीट करू." आणि मग सभा बसली, ती नऊ दिवस बसली. प्रथम ठरले की सर्वांचे सण पत्रात नांवानिशी लिहावे, आणि मग यादी होऊ लागली, आणि दिवाणसाहेबांनी विचारिले, "शलोमराव, तुमचा सण कोणता हो?" एकतीस वर्षांत प्रथमच विचारिले. शलोमरावांनी हनुक्का म्हणोन सांगितले. दिवाणसाहेबांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि यादीत घातले. आणि मग यादी दोन पाने जाहली, आणि आधी कोण मागून कोण यावर तंटा माजला, आणि कोणाचे नांव राहिले तर तो रुसेल ऐसे एकाने म्हटले, आणि सातवे दिवशी यादी रद्द जाहली. अखेर 'या ऋतूच्या शुभेच्छा' इतकेच लिहावे ऐसा निवाडा जाहला. त्याच दिवसांत शलोमरावांच्या घरी दिवे लागत होते, परंतु सभा उठून ते घरी पोचेतो सुनेने लावलेल्या दिव्यांतले तेल सरलेले असे. ते हात धुऊन जेवावयास बसत आणि सून विचारी, "आज तरी ठरलं का, बाबा?" आणि ते मान हालवीत.

पहिली पत्रे परत मागविली आणि नवे पत्र घरोघर गेले. ज्यांच्यासाठी बदलले त्यांतल्या बहुतेकांनी ते उघडलेच नाही, आणि ज्यांचा नाताळ होता ते संतापले. आमचा सण दरबाराने चोरला ऐसे पेठेत बोलू लागले. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत चिटणिसांपुढे आले आणि म्हणाले, "माझी बायको हे पत्र दरसाल भिंतीला लावीत असे. यंदा ती नाही. मी लावायला घेतलं, तर यात सणाचं नावच नाही. आम्ही काय चुकलो?" शलोमरावांनी ते पत्र घेऊन खाली स्वहस्ते 'नाताळ सुखाचा होवो' ऐसे लिहिले आणि परत दिले. वृद्धाने वाचून "तुम्हांलाही" म्हटले आणि तो गेला.

नाताळाच्या दिवशी, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशीस, शलोमरावांच्या मनाने घेतले, आणि ते बर्फातून चालत रुग्णालयी गेले. मेहरुन्निसाबाई एका रोग्याची चादर बदलीत होत्या. शलोमरावांनी आपले नांव सांगितले आणि म्हणाले, "पत्र मी लिहितो. तुझ्या अर्जाचं काही झालं नाही, पोरी. शब्द तेवढे बदलले." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे, काका. बसा. तुम्ही भिजलात." इतक्यात थोरल्या मेट्रन अगाथाबाई प्रार्थना आटोपून रोग्यांस केक वाटीत तेथे आल्या. वैशाखात सुटी नाकारली ती यांनीच. कसला अर्ज म्हणोन त्यांनी विचारिले, आणि शलोमरावांनी सर्व मजकूर सांगितला. अगाथाबाईंनी केकाचे तबक खाली ठेविले.

"घरचं माणूस शेवटाला आलंय हे मला का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर आजारपणाची सुटी मिळाली असती," मेहरुन्निसाबाई म्हणाल्या. "मला ईदेची हवी होती. त्यांना नवे कपडे घालून नमाजाला न्यायचं होतं. ते सकाळी तयार होऊन बसले होते, शेजारणीने सांगितलं."

अगाथाबाईंनी विचारिले, "पुढली ईद कधी?"

"चैत्रात. चंद्र दिसेल त्यावर. आज नाहीतर उद्या, असं असतं."

"मला चंद्रावर यादी लावता येत नाही."

"म्हणूनच तर नाही म्हणतात सगळे."

"मग दोन्ही दिवस मी येईन," अगाथाबाई म्हणाल्या. "तुझ्या जागी. कोणाला विचारायचं नाही." आणि त्या तबक उचलून पुढल्या खाटेकडे गेल्या.

पुढे शके १९४६ चैत्रमासी तैसेच घडले. अगाथाबाई साठीच्या, गुडघे दुखत, तरी पहिले दिवशी आठ तास उभ्या राहिल्या, परंतु आदल्या सांजेस चंद्र दिसला नव्हता, म्हणोन त्या दिवशी ईद नव्हती. सांजेस मेहरुन्निसाबाईंचा फोन आला की उद्या ईद. अगाथाबाई म्हणाल्या, "बरं. ईद मुबारक." काय म्हणावयाचे ते त्यांनी शलोमरावांस विचारून ठेविले होते. पलीकडून "तुम्हांलाही, बाई" ऐसे आले. दुसरे दिवशी मेहरुन्निसाबाई नमाजास गेल्या आणि तेथून कासीमच्या कबरीवर गेल्या. अगाथाबाई पुन्हा आठ तास उभ्या राहिल्या.

तात्पर्य लिहावयाचे ते इतकेच. ईदेच्या सुटीचा मजकूर दरबारी अद्याप 'पुढे पाहू' म्हणोन आहे. पत्रात कोणते शब्द असावे यावर यंदाही सभा बसली आहे, आणि शलोमराव तेथे टिपणे घेत आहेत. अगाथाबाई येत्या चैत्रापूर्वी निवृत्त होतात. नव्या मेट्रन कोण ते ठरले नाही. मेहरुन्निसाबाईंनी नाताळाच्या दिवशीच्या कामास आपले नांव दिले आहे. जे घडले ते लिहिले, लेखनसीमा.