ढब्बूची न झालेली हजामत

महिन्यातल्या एका रविवारी गल्लीतल्या सलूनमध्ये एक सरदारजी येऊन बसत. छातीपर्यंत दाढी, निळी पगडी, खिशात टेस्टर. नवखं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. जन्मात ज्यांनी डोक्याला कात्री लावून घेतली नाही, त्यांचं इथे काय काम?

काम ढब्बूचं असे. ढब्बू म्हणजे त्यांचा मुलगा. जन्माने शेजाऱ्यांचा, पण तो दीड वर्षाचा असताना आईवडील अपघातात गेले आणि सरदारजींनी त्याला उचलून घरात आणला तो कायमचा. सगळे लाड केले. फक्त एका बाबतीत ते फार काटेकोर. "आपला धर्म त्याच्या माथी मारायचा नाही," असं त्यांनी बायकोला बजावलं होतं. "त्याचा बाप कसा झकास भांग पाडायचा! पोरगंही तसंच राहील. मोठा झाला की ठरवेल त्याचं तो." म्हणून दर महिन्याला सलून, आणि तेवढा वेळ मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान बंद.

आता गंमत अशी, की ढब्बूने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याला केस वाढवायचे होते, पगडी बांधायची होती, अगदी पप्पांसारखी. गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळायला आणि ताटं घासायला हा सगळ्यांच्या आधी हजर. पाठ म्हणायचा तोही न अडखळता. पण बोलायचं कसं? पप्पा एका शब्दाने विचारत नाहीत, उलट हाताला धरून सलूनमध्ये नेतात. म्हणजे ह्यांना मी ह्यांच्यात नकोच आहे, अशी ढब्बूने स्वतःची समजूत करून घेतली. मग एका महिन्यात त्याने खोकला काढला, पुढच्या महिन्यात परीक्षा, त्यानंतर पाय मुरगळला. पाय मुरगळल्यावर केस का कापता येत नाहीत, हे कोणी विचारलं नाही. घर प्रेमळ होतं.

केस मानेवर आले तेव्हा मम्मीच म्हणाली, "आज घेऊनच जा त्याला. लोक म्हणतील, दुसऱ्याचं पोर म्हणून लक्ष नाही."

दुसऱ्याचं पोर! ढब्बूला रडूच यायचं बाकी राहिलं.

सलूनमध्ये एका खुर्चीत विमा एजंट दाढीला बसले होते. शेजारच्या खुर्चीत ढब्बूला बसवून सलूनवाल्या काकांनी त्याच्या गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचं कापड अडकवलं आणि ते पुन्हा एजंटांच्या गालाकडे वळले. ढब्बू कुजबुजला, "काका, मशीन बिघडलंय म्हणा ना. पाया पडतो."

काका मऊ मनाचे. "सरदारजी, आज मशीन बंद आहे हो!"

"बंद? आणा इकडे." सरदारजींचा चेहरा फुलला. त्यांनी बसल्या जागी मशीन खोललं, फुंकर मारली, पुन्हा जोडलं. मशीन आता ट्रॅक्टरसारखं गरजायला लागलं.

"लाइट गेली म्हणा," ढब्बू रडकुंडीला आला. काकांनी फळीवर ठेवलेलं मशीन तसंच चालू सोडलं आणि कोपराने मेन स्विच पाडला. "गेली हो लाइट!"

सरदारजी टेस्टर घेऊन उठले. "गेली कसली? स्विच पडलाय!" आणि त्यांनी तो खटकन वर केला.

फळीवरचं मशीन दचकून जागं झालं, थरथरत कडेला गेलं आणि पडलं ते थेट पावडरच्या उघड्या डब्यात. सलून पांढरंफटक झालं. "मेलो, मेलो!" एजंट ओरडले. ढब्बूने संधी साधली आणि धूम ठोकली.

रस्त्याने पुढे ढब्बू, मागे "पुत्तर, थांब!" करत पप्पा; त्यांच्यामागे "अरे, माझं कापड!" करत काका, हातात वस्तरा तसाच, आणि सगळ्यांत मागे अर्धे गुळगुळीत, अर्धे फेसाळ विमा एजंट. "अहो, माझी अर्धी दाढी!"

ढब्बू गुरुद्वाऱ्याच्या दारात पोचला. उघड्या डोक्याने आत जायचं नाही, एवढं भान त्याही गडबडीत होतं. त्याने गळ्यातलं कापड काढून डोक्याला झपाझप वेढे दिले. घरी मम्मीच्या ओढणीवर त्याने चोरून सराव केलेला होताच. बाकीच्यांना दारावरच्या आजोबांनी अडवलं. "जोडे काढा. डोकं झाका. आणि तो वस्तरा बाहेर!" एजंटांना फेसासकट एक केशरी रुमाल बांधण्यात आला.

आत आरडाओरड करायची सोय नाही, त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

"काय लावलंयस हे?"

"मला नाही कापायचे केस. मला तुमच्यासारखं व्हायचंय. तुम्हाला नको असलं तरी."

"मला नको? कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच! दर महिन्याला सलूनमध्ये कोण नेतं?"

"अरे, ते तुझ्या बापासाठी रे—"

"मग तुम्ही कोण आहात माझे?"

सरदारजी उगाच पगडी चाचपू लागले. तेव्हा काकांना राहवलं नाही. "आता मी बोलतो. मी ह्याच्या केसांना कात्री लावली की तुम्ही तोंडासमोर पेपर धरता, आणि तोही उलटा. आरशात सगळं दिसतं मला. फोटोतले पुढारी खाली डोकं वर पाय, आणि पेपर आपला थरथरतोय. मनात यायचं, हा भला माणूस एवढं रडू येतंय तर आणतो कशाला पोराला?"

सरदारजींनी दाढीतून हात फिरवला. हात ओला झाला. मग त्यांनी ढब्बूला समोर बसवलं, ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड सोडलं आणि एकेक वेढा नीट देत पुन्हा बांधलं. पावडर दोघांच्या नाकात गेली. दोघेही शिंकत होते, रडत होते आणि हसत होते.

"गिऱ्हाईक गेलं, कापडही गेलं," काका डोळे पुसत म्हणाले. "राहू दे त्यालाच."

"अहो, ते सगळं ठीक आहे," केशरी रुमालातले एजंट काकुळतीने कुजबुजले. "पण माझ्या उरलेल्या अर्ध्या दाढीचं काय?"

सरदारजींनी भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"वाढवा," ते म्हणाले.