नवसाचा चार किलोचा कोंबडा

ऐक रे मंगळू, मधी बोलू नको. जगात वजनाशिवाय कशालाच किंमत नाय. अर्जावर वजन ठेवावं लागतं, बोलण्याला वजन लागतं, मग देवाच्या कोंबड्यानं काय पाप केलंय?

सत्त्याण्णवची गोष्ट. धसईकडचा कोंडूदादा गावदेवाला कोंबडा बोलला होता, पोराला, दीपेशला, पोरगी मिळू दे म्हणून. पोरगी मिळाली, शहापूरची. आता नवस फेडल्याबिगर हळद नाय. कोंबडा घरचाच, पण नुसती हाडं.

कोंडूदादाचा मेव्हणा भगीरथ मुरबाडला पोल्ट्रीत कामाला. तो म्हणला, "दाजी, हा सुकडा दिलात तर व्याही हसंल. आमच्याकडं गोळी हाय. मानेच्या कातडीखाली सारायची, बास."

"कसली गोळी?"

"डॉक्टरी. बायकांना देतात, दूध आटवायला. कोंबडा फुगतो हिच्यानं."

"बायकांचं औषध कोंबड्याला?"

"बायकांना चालतं, तर ह्याला काय धाड भरली?"

(झालं, गोळी कोंबड्याच्या मानेत गेली. विज्ञान असंच पुढं जातं.)

गोळीची प्रगती अत्यंत समाधानकारक होती. कोंबडा दुप्पट झाला. तुरा पांढरा पडून लोंबला. मारामारी बंद, आरवणं बंद. शेवटी तर तो कोंबडीला उठवून तिच्या अंड्यांवर जाऊन बसला. कोंडूदादाची बायको लहानी म्हणली, "ह्या घरातला पयलाच बाप्या कामाला आला गो बाय!"

रविवारी देवापुढं सगळा पाडा जमला. व्याही कमळू पांढरी टोपी घालून पुढं. आपली रीत तुला ठाऊक हाय, कोंबडा देवापुढं एकदा आरवला पायजे, मगच सुरी. लखमा भगतानं पाणी शिंपडलं. कोंबड्यानं मान तिरकी केली नि म्हणाला, "कुर्रर्र."

"ही कोंबडी हाय," भगत म्हणला. "नवस नाय फिटत."

व्याह्यानं टोपी काढली, परत घातली.

मग मतदान झालं. सतरा घरांपैकी सोळा घरांनी हा कोंबडाच आहे, असं चार किलो मटणाकडं बघत हात वर करून ठरवलं. (सतरावं घर माळकरी.) पण आरवण्याचं काय? भगत म्हणला, घरच्या बाप्यानं त्याच्यावतीनं आरवावं, देव मानून घेतो.

भगीरथ ऐटीत पुढं झाला. छाती फुगवली, तोंड उघडलं नि आवाज आला, "कुर्रर्र."

सगळे त्याच्या गुळगुळीत गालांकडं बघायला लागले. गोळीचा अंश मानेतच राहतो म्हणून पोल्ट्रीवाले माना फेकून देत, नि हा दोन वरसं त्या फुकट आणून चापत होता.

मग कोंडूदादानंच धोतर सावरलं, व्याह्यादेखत डोळे मिटले नि आरवला. असा आरवला, पार खालच्या वाडीतले कोंबडे उलटून बोलले. देव पावला. हळद लागली. मुंडी नि मान रीतीप्रमाणं भगताच्या ताटात गेली. पुढल्या वरसापासून त्याला मिशी कोरायची गरज पडली नाय. आता अख्ख्या पाड्याला तीच गोळी पायजे, कारण वजन!

हसतो काय रे? परवा ढाब्यावर सगळ्यांच्या ताटातल्या माना गोळा करून कोण चघळत होतं? आता खरं सांग, कोंडूच्या जागी तू असतास, समोर व्याही उभा, तर काय केलं असतंस? आरवला असतास? नि तोंडातून काय आलं असतं?