मास्तरांनी इंच वाढवला

मास्तरांनी ठरवलं ते एवढंच, की बायकोच्या निळ्या ड्रेसची बाजूची शिवण अर्धा इंच उसवायची आणि तिला सांगायचं नाही. अर्धा इंच म्हणजे काय, करंगळीच्या नखाएवढं कापड. पण पुरुषाला एखादी गोष्ट बायकोशी धड तोंडानं बोलायची नसली, की तो तिच्यासाठी गाढवासारखा राबायला लागतो आणि त्या राबण्याला प्रेम म्हणतो. (असतंही म्हणा. पण म्हणून गाढवपण काही सुटत नाही.)

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या. मापं घेणं, कापड बेतणं, टिपा मारणं मास्तरांकडे. काजं, बटणं, हुक आणि इस्त्री मास्तरीणबाईंकडे. दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंच्या डोक्यात आवाज यायला लागले. आवाजही कसले, एकजात तक्रारखोर. हे नीट कर, ते नीट झालं नाही, लोक बघतायत, उठ. डॉक्टरांनी गोळी दिली. आवाज गेले, झोप आली, भूक आली, आणि भुकेचा हात धरून वजन आलं. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. "या गोळीनं वजन वाढू शकतं. वाढलं तर मला सांगा, आपण काहीतरी करू. पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही."

डॉक्टर दहा वाक्यं बोलतो, नणंद एकच बोलते. मागच्या वर्षी मास्तरांची थोरली बहीण, आक्का, आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "अगं बाई! एका ड्रेसमध्ये दोघी जणी कशा गं मावलात?"

मास्तरीणबाई हसल्या. त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या मोरीत गेल्या. नऊ दिवस बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. दहाव्या दिवशी घरातली सगळी भांडी पोत्यात भरून त्या दारात बसल्या, आणि मास्तर आत यायला लागले तर त्यांना आडवा हात घालून म्हणाल्या, "तुम्ही कोण? आमचे हे दुकानात आहेत."

मास्तर तसे कशाला भ्यायचे नाहीत. (आक्काला सोडून.) पण त्या 'तुम्ही कोण'ला ते जे भ्याले, ते भ्यालेच.

म्हणून या खेपेला मास्तरीणबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, हा निळा ड्रेस आटला का हो?" तेव्हा मास्तरांनी तोंडातल्या टाचण्याही न काढता सांगितलं, "आटला. कापडच भिकार."

दुपारी त्या आडव्या झाल्या, की मास्तरांनी ड्रेस खाली आणला, उसवला, शिवला, इस्त्री करून परत टांगला. दुसऱ्या दिवशी ड्रेस बरोबर बसला. मास्तर खूश. मग राखाडी ड्रेस आटला. मग हिरवा. दीड महिन्यात घरातलं सगळं कापड भिकार निघालं. शिवणीच्या आत ठेवलेली जादा माया संपली, तेव्हा मास्तरांनी बगलेखाली पट्ट्या घातल्या. एका ड्रेसला इतक्या पट्ट्या झाल्या, की मूळ ड्रेस त्यात पाहुण्यासारखा दिसायला लागला.

मग मास्तरीणबाईंनी वजनकाटा आणला. मास्तरांनी त्याच्या खालचं चाक हळूच मागे फिरवलं. आठवड्याला एक किलो, या हिशेबानं.

"अहो, इकडे या. काट्यावर कोणी उभं नाही, तरी उणे सहा कसा दाखवतोय?"

"हवा असते ना काट्यावर."

"हवेचं वजन उणे सहा?"

"हलकी हवा आहे आपल्याकडे," मास्तर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

"या काट्याचं काही खरं नाही," वरून आवाज आला. "मी आपली टेपनंच कंबर मोजत जाईन."

झालं. काटा खोटा करणं सोपं, पण टेप? टेप म्हणजे शिंप्याचं दैवत. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी दैवताला हात घातला. कापडाची पांढरी पट्टी घेतली, तिच्यावर शाईनं नवे इंच आखले. प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा तांदळाच्या जाडीएवढा मोठा. खरी चाळीस इंची कंबर त्या टेपवर सदतीस यायची. आकडे असे कोरले, की छापल्यासारखे. वर चहाचा डाग पाडला, एक टोक चुरगळलं, जुन्या टेपला होती तशी पितळी टोपी लावली. एवढं कसब त्यांनी आक्काच्या लग्नाच्या कपड्यांतही दाखवलं नव्हतं. टेप तयार झाली ती इतकी हुबेहूब, की खुद्द ती करणारा माणूसही तिला ओळखू शकला नसता. तो म्हणजे मास्तर.

मास्तरांनी दिलेल्या त्या टेपनं मास्तरीणबाईंनी वर कंबर मोजली, "बरं बरं" म्हणाल्या, आणि टेप खाली आणून दुकानातल्या खिळ्याला खऱ्या टेपवर अडकवली. तिथून पुढे तीन आठवडे मास्तरांनी अख्ख्या गल्लीची मापं त्या टेपनं घेतली.

आता मास्तरांची एक जुनी सवय. माप टेपनं घ्यायचं, पण कापड बेतायचं ते टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पितळी पट्टीवर. पट्टी सरळ, प्रामाणिक, वडिलांच्या वेळची. म्हणजे माणूस खोट्या इंचानं मोजला आणि कापड खऱ्या इंचानं कापलं. पुढे काय होणार ते पहिलीतल्या पोराला कळेल. मास्तर चौथीपर्यंत शिकले होते, म्हणून कळलं नाही.

पहिला आला पोस्टमन. "मास्तर, पँट चढत नाही."

मास्तरांनी वही उघडली. "छत्तीस." पँट पट्टीवर अंथरली. "छत्तीस. बघा. पँट आहे तिथंच आहे."

"मग?"

"मग तुम्ही नाही आहात तिथं." एकदा वहीत चढलेलं माप मास्तर पुन्हा घेत नसत. त्यांना तो अपमान वाटायचा.

"आठ दिवसांत वाढलो?"

"दिवस वाईट आहेत," मास्तर म्हणाले.

मग बँकेचा रखवालदार आला, एका हातानं उघडी बाजू झाकत. साहेबाला सलाम ठोकताना युनिफॉर्म काखेपासून कमरेपर्यंत फाटला होता, आणि आतल्या गिऱ्हाइकांनी गोळी सुटली समजून जमिनीवर लोळण घेतली होती. मग समोरच्या शाळेच्या हेडबाई. त्यांना नवा ड्रेस घालून बसता येत नव्हतं. परवाची सगळी मीटिंग त्यांनी उभ्यानं घेतली, आणि शिक्षकांना वाटलं बाई रागावल्यात, म्हणून सगळे उभेच राहिले.

बघता बघता गल्ली हादरली. सकाळी रस्त्यावर माणसं फेऱ्या मारायला लागली. बेकरीवाल्यानं पाव कमी भाजले. एकमेकांना भेटल्यावर लोक आधी पोट आत ओढायचे, मग बोलायचे. आणि या सगळ्यांत एकच बाई अशी, जिचे कपडे अंगाला तंतोतंत बसत होते. मास्तरीणबाई.

"तुमचं बरं आहे हो," हेडबाई म्हणाल्या. "तुम्ही आहात तशाच. काय करता तरी काय?"

"काही नाही," मास्तरीणबाई काज करता करता म्हणाल्या. "वेळेवर गोळी घेते, वेळेवर झोपते."

हेडबाईंनी फक्त 'गोळी घेते' एवढंच ऐकलं. शिकलेली माणसं अर्धंच ऐकतात, कारण उरलेलं त्यांना आधीच ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानात वादळासारख्या घुसल्या. (वादळासारख्या, पण छोटी पावलं टाकत. ड्रेस फाटला असता.)

"मास्तरीणबाई, त्या औषधवाल्याला अक्कल आहे का? मी म्हटलं, मास्तरीणबाई घेतात ती बारीक व्हायची गोळी दे. तर म्हणतो, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. आणि वर चारचौघांत म्हणतो, बाई, या गोळीनं माणूस बारीक होत नाही, जाड होतो!"

मास्तरांची कात्री कापडात जिथं होती तिथंच थांबली. त्यांना समोर दुकान दिसेना. दारात भांडी भरलेलं पोतं दिसायला लागलं, आणि त्यावर आडवा घातलेला हात.

"खोटं आहे!" ते ओरडले. "तू ऐकू नकोस गं! कोणी जाड होत नाही! वजन वाढतं ही अफवा आहे! कोणाचंच वाढत नाही! आपला काटा बघ, उणे सहा दाखवतो!"

"मास्तर, तुम्हाला बरं नाही का?" हेडबाईंनी विचारलं.

मास्तरीणबाईंनी दातानं दोरा तोडला. "वाढतं की. माझं सात किलो वाढलंय."

मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"आणि हेडबाई, तुमचं काहीसुद्धा वाढलेलं नाही. तुमचा ड्रेस तीन इंच लहान शिवलाय. पोस्टमनची पँटही तशीच. त्या खिळ्यावरची टेप खोटी आहे, यांनी हातानं केलेली. माझ्यासाठी केली, आणि गल्लीला नेसवली."

हेडबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "पंधरा दिवस," त्या म्हणाल्या, "मी रात्रीची जेवलेली नाही, मास्तर. पंधरा दिवस! आमच्या ह्यांच्या पानातल्या भाताकडे मी बघत बसते!" आणि त्या गल्लीभर सांगायला निघाल्या. निघताना घाईत लांब पाऊल टाकलं, आणि ड्रेसनं जे बोलायचं ते बोलून घेतलं.

दुकानात दोघंच उरले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"निळ्या ड्रेसपासून. त्याची शिवण काळ्या दोऱ्याची होती. तुम्ही गडद निळा घातलात. वीस वर्षं तुमच्या कपड्यांना काजं करते मी, मला दोरा कळत नाही? आणि पायांतल्या चपला घट्ट होतात, गुडघा कुरकुरतो, तो काय टेप वाचतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी म्हटलं बघू तरी, हा माणूस कुठपर्यंत जातो. तर तुम्ही इंचापर्यंत गेलात. एवढं कोणी खोटं वागलं नव्हतं माझ्यासाठी."

मास्तरांनी खालमानेनं विचारलं, "गोळी... बंद करणार?"

"कशाला?" मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवला. "अहो, डोक्यात आता मी एकटी राहते. सगळे भाडेकरू गेले. एवढी मोठी जागा मोकळी मिळाली, तर चार इंच बाहेर वाढले म्हणून मी त्यांना परत बोलावू? वजनाचं मी डॉक्टरांना मागच्याच खेपेला सांगितलंय. त्यांनी गोळी थोडी बदलून दिली, रोज चालायला सांगितलं. तुम्ही दवाखान्याबाहेर बाकावर बसून त्या बँकेच्या रखवालदाराचं माप घेत होतात तेव्हा."

"आणि गल्लीचे कपडे? ते कळल्यावर तरी सांगायचंस!"

"ते मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं, हेडबाईंचा हुक लावताना." सुई थांबली. "दोन वर्षं ती बाई मला बघून पोरांना रस्त्याच्या पलीकडून नेते. म्हटलं, राहू दे पंधरा दिवस श्वास रोखून."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची तारीख होती. खोलीत शिरल्याबरोबर मास्तरांनी आपली शिलाई ओळखली. डॉक्टरांच्या अंगात नवा पांढरा कोट होता, आणि त्याचं मधलं बटण जीव मुठीत धरून उभं होतं.

"या. बसा," डॉक्टर तोंडातल्या तोंडात म्हणाले. "जरा अशक्तपणा आहे. दहा दिवस उकडलेल्या भाज्यांवर आहे मी. तरी हा कोट..."

मास्तर खुर्चीत बसायच्या आधीच घडाघडा बोलायला लागले. निळा ड्रेस सांगितला, पट्ट्या सांगितल्या, उणे सहा सांगितलं, टेप सांगितली. डॉक्टरांनी आधी हळूच बटण काढलं, मोठा श्वास घेतला, टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पुडा काढला, आणि खात खात ऐकलं.

"म्हणजे तुम्ही इंच मोठा केलात."

"होय साहेब. थोडासाच."

"काट्यावरची हवा उणे सहा किलो आहे, असं तुम्ही सांगितलंत."

"होय साहेब."

"काल दुकानात ओरडलात, की जगात कोणाचंच वजन वाढत नाही."

"ओरडलो."

"झोप कशी आहे?"

"निळ्या ड्रेसपासून नाही साहेब. आता डोळा लागला की टेप दिसते."

"जेवण?"

"तोंडात टाचण्या असतात," मास्तर म्हणाले, आणि आपण हे काय बोललो, असा त्यांचाच चेहरा झाला.

डॉक्टरांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी मान हलवली, जशी जाणती माणसं एकमेकांना हलवतात तशी. मग डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुमचं छान चाललंय. आहे तसंच चालू द्या. फक्त जरा पाच मिनिटं बाहेर बसता? मला पेशंटशी एकट्याशी बोलायचंय."

मास्तर तत्परतेनं उठले आणि दाराकडे निघाले.

"तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर नर्सनं कोरी फाइल काढली, वर मास्तरांचं नाव घातलं, आणि शेवटची रेघ मास्तरीणबाईंपुढे सरकवली. 'घरातली जबाबदार व्यक्ती.' मास्तरीणबाईंनी तिथं सही केली, ठसठशीत, रेघेच्या दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच बाहेर जाईल अशी.